चाहते, अभिमानी आणि गल्ला

दिवाळीच्या सुट्टीत यंदा सुरतेला अक्काकडे गेलो होतो. निपाणीहून कोल्हापूर आणि तिथून अहमदाबादच्या गाडीने सुरत, हा आमचा नेहमीचा रस्ता. सुरतेची दिवाळी म्हणजे लाभपंचमीपर्यंत सगळं बंद. रिंग रोडवरची कापडाची मार्केटं बंद, उधन्यातले माग बंद. एरवी ज्या गल्लीत मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे या दिवसांत कावळा ओरडलेला ऐकू येतो. त्यामुळे वर्षातून एकदा आमचे दाजी भरदुपारी घरात जेवताना दिसतात. दाजी मूळचे खानदेशातले, अमळनेरकडचे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशी माणूस इतका आहे की भाजीवालीशी तुम्ही मोडकंतोडकं गुजराती बोलायला जावं आणि तिने अहिराणीत भाव सांगावा.

पाडव्याच्या रात्री जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, गच्चीवर चला. आम्हाला पंच पाहिजे.”

वर त्याचे तीन मित्र बसले होते. एक गुजराती, हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब बघणारा. एक ओडिया, ज्याचे वडील गंजामहून माग चालवायला म्हणून आले आणि इथेच राहिले. तिसरा जळगावकडचा मराठी. चौघंही शाळेपासूनचे दोस्त, चौघंही पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे. मध्ये कागदी डिशमधून गरम लोचो आणि कांदा. बोलणं हिंदी, गुजराती आणि मराठी यांच्या अशा मिश्रणात चाललेलं की आपल्या निपाणी-चिक्कोडीच्या बाजाराची आठवण यावी.

त्यांचा एक खेळ आहे. नाव ‘कंपनी तुझ्या हाती’. बुडायला लागलेली एखादी कंपनी घ्यायची, साल ठरवायचं आणि प्रत्येकाने पाच मिनिटांत सांगायचं, ही माझ्या हाती असती तर मी काय केलं असतं. शेवटी ज्याला माहीत आहे त्याने खरं काय घडलं ते सांगायचं. ज्याचा उपाय खऱ्याच्या सगळ्यांत लांब, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लोचो खिलवायचा. त्या रात्रीची कंपनी होती जपानची निंटेंडो, आणि तारीख जानेवारी २०१४.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं जे यंत्र असतं त्याला कन्सोल म्हणतात. निंटेंडो ही त्या धंद्यातली जुनी पेढी. पेढीच म्हणायला हवं, कारण १८८९ साली क्योटो शहरात ती सुरू झाली ती हनाफुदा नावाचे पत्ते करून विकायला. मिशीवाला मारिओ हा त्यांचाच. २००६ साली त्यांनी ‘वी’ नावाचं यंत्र काढलं. हातात दांडीसारखा रिमोट धरायचा आणि खोलीत उभं राहून टेनिस खेळायचं. आजी-आजोबाही खेळले, आणि ते दहा कोटींच्या वर खपलं. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ‘वी यू’ आला आणि पेढीला ग्रहण लागलं. मार्च २०१४ अखेरच्या वर्षात ९० लाख यंत्रं विकू, असं कंपनीने जाहीर केलं होतं. जानेवारीत तो आकडा २८ लाखांवर आणावा लागला. मुख्य धंद्यातल्या तोट्याचं ते लागोपाठ तिसरं वर्ष.

इतकं कसं बिघडलं? एक कारण अक्काने जिन्यातूनच सांगितलं. हे यंत्र भाच्याला तेरा वर्षांचा असताना दुबईच्या काकांनी आणून दिलं होतं. “मला तर वाटलं जुन्याच खेळाचा नवा रिमोट आणलाय. म्हटलं, एवढ्याशा रिमोटला एवढा मोठा खोका?” अक्काची चूक नव्हती. जगभर पुष्कळांचा तोच समज झाला. नाव जवळपास तेच, आणि जाहिरातीत दिसायचा तो हातातला पडदा. लोकांनी मान हलवली आणि जुन्यावरच खेळत राहिले. खेळ कमी आले म्हणून यंत्र खपेना, आणि यंत्र खपेना म्हणून बाहेरच्या कंपन्या त्यासाठी खेळ करीनात.

पहिली पाळी हिऱ्यावाल्याची. तो म्हणाला, “भाव उतरवा. माल हलला पाहिजे, नफा मागाहून.” भाच्याने सांगितलं, हा उपाय या कंपनीने आधी करून पाहिला होता. २०११ साली त्यांचं हातात धरून खेळायचं ‘थ्री-डीएस’ सुरुवातीला खपेना, तेव्हा पाच-सहा महिन्यांतच किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आणली. ज्यांनी आधीच्या भावात घेतलं होतं ते चिडणार हे उघड होतं, म्हणून त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले आणि ‘अँबॅसॅडर’ म्हणजे राजदूत असं नाव दिलं. ते यंत्र तरलं. पण ‘वी यू’ची किंमतही सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत ५० डॉलरनी उतरवली होती आणि त्याने फारसा फरक पडला नव्हता. एकच औषध दोघा भावांना लागू पडेलच असं नाही.

ओडिया मित्राचं म्हणणं, यंत्रं करणं सोडा आणि मारिओला मोबाइलवर आणा. हे तेव्हा पुष्कळ भागधारकही म्हणत होते. जळगावकर म्हणाला, “चाहत्यांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.” आणि त्याने एक उदाहरण काढलं, जे मला फार आवडलं. २०११ साली या कंपनीचे तीन मोठे खेळ जपानबाहेर युरोपात गेले किंवा जाणार होते, पण अमेरिकेत आणायचा कंपनीचा विचार दिसेना. तिथल्या चाहत्यांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम काढली. पत्रं पाठवली, आणि त्याहून शहाणपणाचं म्हणजे त्यातल्या ‘झेनोब्लेड’ या खेळाची ॲमेझॉनवर आगाऊ नोंदणी इतकी केली की जो खेळ येणारच नव्हता तो विक्रीच्या यादीत पहिला आला. एप्रिल २०१२ मध्ये तो अमेरिकेत आला. पुढे बाकीचे दोनही आले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंच असलो तरी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे काहीतरी सांगायलाच हवं. मी घसा साफ केला आणि वर्गात सांगतो तेच सांगितलं. उत्पन्न घटलं की स्थिर खर्च कमी करावा, खर्चात सर्वांत मोठा वाटा मनुष्यबळाचा, तेव्हा प्रथम कर्मचारी-कपात.

“मामा, उद्याचा लोचो तुमच्याकडून,” भाचा म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. कंपनीचे अध्यक्ष होते सातोरु इवाता. हा माणूस स्वतः मुळात प्रोग्रॅमर, खेळ लिहून वर आलेला. २००२ पासून अध्यक्ष. २०१३ साली भागधारकांनी त्यांना माझाच प्रश्न विचारला होता, की माणसं कमी का करत नाही. त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा, की माणसं कमी करून या वर्षाचा ताळेबंद बरा दिसेल, पण उद्या आपल्याला काढतील की काय या भीतीत बसलेला माणूस दुसऱ्याचं मन भरून यावं असा खेळ कसा करणार? आणि जानेवारी २०१४ मध्ये, ज्या तारखेचा आमचा खेळ चालला होता त्याच सुमारास, त्यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्मा केला. मारिओचे जनक शिगेरु मियामोतो यांचा तीस टक्के कापला गेला. इतर संचालकांचाही कमी झाला. कापाकापी वरून सुरू करायची असते हे मी वर्गात आजवर एकदाही सांगितलेलं नाही. पाठ्यपुस्तकात नव्हतं, एवढंच माझं समर्थन.

इवाता जुलै २०१५ मध्ये गेले. वय ५५. त्यांच्याच काळात ज्याचं काम सुरू झालं ते ‘स्विच’ नावाचं यंत्र ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलं. ते त्यांनी बघितलं नाही. टीव्हीला जोडून खेळा, कंटाळा आला की उचलून हातात घ्या आणि गाडीत बसा. ते पंधरा कोटींहून अधिक खपलं. मोबाइलवरही ते गेले, नाही असं नाही. २०१५ साली एका मोबाइल कंपनीशी करार झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये मारिओ फोनवर आला. पण पेढी उभी राहिली ती स्विचवर.

इथे मला एक गंमत दिसली. ‘वी यू’च्या हातातल्या पडद्यावर खेळ टीव्हीशिवायही चालायचा, मात्र यंत्राच्या आसपास, त्याच घरात. भाचा म्हणाला, “आईच्या सिरियल सुरू झाल्या की मी तो पडदा घेऊन अंथरुणात खेळायचो. मला वाटायचं, हा शाळेत नेता आला तर!” अशी जगात किती पोरं असतील. चाहत्यांनी मागितलं होतं ते जुने खेळ आणि उतरलेला भाव. स्विच आणा असं कुणी म्हणालं नव्हतं, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. तरी ते अंथरुणात जे करत होते त्यात त्याची खूण होती.

आणि एक आकडा ऐका. ‘मारिओ कार्ट ८’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. २०१४ साली तो ‘वी यू’वर आला आणि सुमारे ८५ लाख खपला, म्हणजे त्या यंत्रावरचा सर्वांत यशस्वी खेळ. तोच खेळ थोडी भर घालून एप्रिल २०१७ मध्ये स्विचवर आणला, आणि तो साडेसहा कोटींच्या वर गेला. माल तोच होता. दाजींच्या भाषेत सांगायचं तर दुकान चुकीच्या गल्लीत होतं.

दाजी तोवर वर आले होते. सौ. चहा घेऊन आली होती. सौ. माहेरची धारवाडची, त्यामुळे आमच्या घरात दोन्ही भाषा चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत चालतात. ती म्हणाली, “तुम्ही मघापासून चाहते चाहते म्हणताय. आमच्यात फॅनला अभिमानी म्हणतात.” मी ते मुलांना समजावून सांगितलं. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, आणि डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’ म्हणजे चाहते-देव म्हणायचे. मराठीत मात्र अभिमानी म्हणजे गर्व असलेला. दोन शेजारणींनी एकच शब्द संस्कृतातून उसना आणला आणि एकीने त्याचा हार केला, एकीने त्याची ठेच. व्हिडिओ गेमवाल्यांना दोन्ही अर्थ लागू पडतात. आपल्या कंपनीवर जीव टाकणार, आणि शेजारच्या कंपनीचं यंत्र असलेल्या मुलाशी बोलणार नाहीत.

या देवांना कंपनी नेहमी नैवेद्य दाखवते असंही नाही. २०१३ साली लास वेगासला ‘इव्हो’ नावाची मोठी स्पर्धा होती. कुठला खेळ घ्यायचा ते कर्करोगाच्या संशोधनासाठी देणगी गोळा करून ठरणार होतं. निंटेंडोच्या बारा वर्षांपूर्वीच्या एका खेळाच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरहून जास्त जमवून तो निवडून आणला. आणि कंपनीने काय करावं? स्पर्धेचं प्रक्षेपण करायला हरकत घेतली. आरडाओरडा झाला तेव्हा त्याच दिवशी मागे घेतली. तोट्यातल्या दुकानाबाहेर लोक स्वखर्चाने सनई वाजवतायत आणि मालक म्हणतो आवाज बंद करा, तशातला प्रकार.

दाजी एवढा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ही पोरं ज्या कंपनीला वाचवतायत तिचा माल मी नऊ वर्षं विकला. तिला एक रुपया न देता.”

ही कथा मला अर्धीमुर्धी माहीत होती, मुलांना मुळीच नव्हती. १९९४ ते २००३ या काळात दाजींचं उधना दरवाजाजवळ छोटं दुकान होतं. टीव्हीला जोडायचे खेळ विकायचं. वाचकहो, तुमच्यापैकी चाळिशीतल्या मंडळींना ते डबे आठवत असतील. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट आणि वर खोचायची ‘कॅसेट’. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९,९९९ खेळ, आत निघायचे वीस-पंचवीस, तेच फिरून फिरून. त्यात मारिओ असायचा, कॉन्ट्रा असायचा. ते डबे म्हणजे निंटेंडोच्या यंत्राच्या परदेशात केलेल्या हुबेहूब नकला. १९९३च्या सुट्टीत निपाणीत एका मित्राच्या माडीवर मी स्वतः त्यावर कॉन्ट्रा खेळलो, अंगठ्याला फोड येईपर्यंत. त्या पिढीतल्या आपल्या सगळ्यांना मारिओ घरचा वाटतो. निंटेंडोच्या खातेवहीत मात्र आपण कुठेच नव्हतो.

खरा माल यायचाच नाही असं नाही. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचं ‘मेगा ड्राइव्ह’ १९९५ साली शॉ वॉलेसमार्फत आपल्याकडे आलं. बाहेरून आलेल्या यंत्रावर तेव्हा ८० टक्के जकात, ती टाळायला ही वाट. तरी किंमत अठरा हजार. दाजी म्हणाले, “मी एक आणून काचेत ठेवलं. माझ्याकडचा डबा हजार-बाराशेला. पोरं काचेला नाक लावून सेगा बघायची आणि उधारीवर कॅसेट न्यायची. ते यंत्र शेवटी मीच घरी आणलं.”

“मग दुकान का बंद केलं?” हिऱ्यावाल्याने विचारलं.

“चाहते फार होते म्हणून,” दाजी म्हणाले. “रोज वीस पोरं दुकानात. घेणारं एक. बाकी सगळी मला धंदा कसा करायचा ते सांगायला. काका, कॉम्प्युटर ठेवा. काका, बोर्डला लाइट लावा. एकाचं मात्र ऐकलं. तो म्हणाला, विकू नका, तासावर खेळायला द्या. तासाला दहा रुपये. त्यावर चार वर्षं निघाली. मग सायबर कॅफे आले, सीडी आल्या. शेवटच्या दिवशी वीसच्या वीस पोरं आली. दोघं रडली. एकाने आठवण म्हणून बोर्ड मागितला. मी दिला.” थोडं थांबून म्हणाले, “तोही फुकटच.”

वर्गात मागणीची व्याख्या शिकवताना मी फळ्यावर तीन शब्द लिहितो. इच्छा, ऐपत आणि पैसे मोजायची तयारी. तिन्ही असतील तरच ती मागणी, नाहीतर नुसती इच्छा. वीस वर्षं हे लिहीत आलोय. दाजींच्या दुकानात त्या दिवशी पहिल्या शब्दाची गर्दी होती.

सेगाचंही पुढे तेच झालं. त्यांचं ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आलं. चाहते आजही त्याचं नाव काढलं की हळवे होतात. पण ९० लाखांच्या आसपास विक्री होऊन मार्च २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि सेगाने यंत्रं करणंच सोडलं. सोनीचं नवं यंत्र डीव्हीडी लावायच्या सोयीसह समोर उभं होतं, जुनी कर्जं होती. शिवाय ड्रीमकास्टच्या नकली सीडी यंत्राला हातही न लावता चालायच्या. कंपनी बुडायचं ते एकमेव कारण नव्हे, कदाचित मोठंही नसेल. पण नकला करून वाटणारेही चाहतेच होते ना! त्यांचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मरण्यापूर्वी सुमारे ८५ अब्ज येनची स्वतःची मालमत्ता कंपनीला देऊन टाकली, म्हणून निदान खेळ करणारी कंपनी म्हणून सेगा जगली.

त्याच सेगाने पुढे चाहत्यांचं ऐकलंही, आणि ते कसं ऐकलं हे बघण्यासारखं आहे. त्यांचा सोनिक नावाचा निळा हेजहॉग. त्याच्या जुन्या खेळांवर घरबसल्या कारागिरी करणाऱ्या पोरांनाच त्यांनी पैसे देऊन कामाला लावलं, आणि २०१७ साली ‘सोनिक मेनिया’ आला. जुन्या चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१९ मध्ये सोनिकच्या सिनेमाची झलक आली तेव्हा त्याचे माणसासारखे दात बघून लोक इतके ओरडले की सिनेमा पुढे ढकलून सगळं चित्र बदललं. फेब्रुवारी २०२०मध्ये तो आला आणि चालला. मला यातून दिसतं ते असं, की काय बिघडलंय हे चाहत्याला अचूक कळतं, नवं काय करावं हे सहसा कळत नाही. आणि ज्याला कळतं त्याला सल्लागार म्हणून ठेवू नये, नोकरीला ठेवावं.

सुरतेत हा विषय सिनेमाचा राहत नाही. दाजी आता साड्यांच्या मार्केटमध्ये आहेत, आणि भाचा तिथेच एकाकडे कॉम्प्युटरवर साडीची डिझाइनं काढतो. चांगलं डिझाइन चाललं की आठवड्याभरात तेच हलक्या कापडावर निम्म्या भावात शेजारच्या गाळ्यात लागतं. “आपली डिझाइन लोकांना आवडली हे कशावरून ओळखायचं?” भाचा म्हणाला. “दुसऱ्याने चोरली यावरून.” त्यावर दाजी हसले. बापलेक एकाच गोष्टीवर हसलेले मी त्या मुक्कामात पहिल्यांदा बघितले.

कारण घरात एक गोष्ट धुमसत होती, ती अक्काने मला गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितली होती. या चौघांनी दोन वर्षं रात्री जागून फोनवरचा एक खेळ केला आहे. मागांचा खेळ. चार माग चालू आहेत, धागा तुटतो, धावत जाऊन गाठ मारायची, तेवढ्यात दुसरीकडे तुटतो, वीज जाते, शेठ येतो. ओडिया मुलाच्या वडिलांनी मागाचा आवाज बरोबर आहे का ते बसून ऐकून सांगितलं म्हणे. फुकटचा भाग दोन हजारांवर लोकांनी घेतला. भिवंडीहून, इचलकरंजीहून पत्रं आली, की भाऊ, अगदी आमच्या बापाचा कारखाना. पुढचा पूर्ण खेळ १४९ रुपयांना. तो घेतला एकतीस जणांनी. भाच्याला नोकरी सोडून एक वर्ष यालाच द्यायचं होतं. दाजींना तो लाभपंचमीपासून दुकानात हवा होता. आणि मी मध्यस्थी करावी अशी दोघांचीही इच्छा होती.

रात्री मुलं पांगल्यावर भाच्याने मला ‘वी यू’ दाखवलं. अजून जपून ठेवलंय. त्यावर ‘सुपर मारिओ मेकर’ नावाचा खेळ होता, २०१५चा, ज्यात लोकांनी स्वतः टप्पे रचून जगाला खेळायला द्यायचे. कंपनीने २०२१ मध्ये नवे टप्पे घेणं थांबवलं आणि ८ एप्रिल २०२४ रोजी ‘वी यू’ची ऑनलाइन सेवाच बंद केली. त्याआधी काही चाहत्यांनी ठरवलं, की कुणीच पार न केलेला एकही टप्पा मागे राहू द्यायचा नाही. ‘टीम झिरो पर्सेंट’ त्यांचं नाव. हजारो टप्पे त्यांनी संपवले. शेवटी एक उरला, तो इतका अवघड की माणसाला जमेना. मग रचणाऱ्यानेच कबूल केलं, की मी तो यंत्राची मदत घेऊन पार केला होता, तो मोजू नका. तरी एकाने बंद व्हायच्या आठवड्यात तोही हाताने पार केला. मेलेल्या यंत्रावर, ज्यातून कंपनीला काही मिळणार नव्हतं आणि यांनाही.

“यांना काय म्हणाल मामा? चाहते की अभिमानी?”

मला उत्तर सुचलं नाही. उलट एकतिसाचा आकडा डोक्यात घोळत होता. मी विचारलं, “ते दोन हजार फुकटवाले कुठे अडतात? पैसे मागण्याआधी किती वेळ खेळतात?” ते त्याने बघितलंच नव्हतं. पत्रं मात्र सगळी जपून ठेवली होती.

भाऊबीजेला सकाळी ओवाळणं झालं. मी दाजींकडे विषय काढणार तोच त्यांनी फोन पुढे केला. “हा तुझा खेळ माझ्याकडे आहे तो फुकटचा. पूर्ण कसा घ्यायचा?” भाचा म्हणाला, “पप्पा, मी टाकून देतो ना, तुम्हाला कशाला पैसे?” दाजी म्हणाले, “नऊ वर्षं फुकट्यांच्यात काढली. मला फुकट नको. लाभपंचमीला दुकान उघडायला ये. पूजा झाली की पुढच्या दिवाळीपर्यंत तुझं तू बघ. पण दर महिन्याला मला दोनच आकडे सांगायचे, किती आले आणि किती जणांनी दिले. पत्रं वाचून दाखवायची नाहीत.”

मग त्यांनी दोनशेची नोट काढली आणि म्हणाले, “एक्कावन्न परत दे.” भाच्याकडे सुटे नव्हते. पन्नासची नोट मी दिली, वरचा रुपया अक्काने ओवाळणीच्या ताटातला उचलून दिला. दाजींनी दोन्ही मोजून खिशात घातले.